अंबाडीच्या कोपऱ्यातला टोल

त्या साहेबाला मी माफ केलेलं नाही. घरातली पोरं म्हणतात, किती वर्षं झाली, आता सोडून द्या. मी सोडत नाही. तलाव त्यांच्या बापाचा जाणार नव्हता, माझ्या बापाचा जाणार होता.

आम्ही भोई. बेंबळीपासून पायी तासाभरावर आमचं गाव, आणि गावाला लागून तलाव. निजामाच्या अमलात मासे धरायचे आम्ही आणि चांगला मासा खायचा दुसऱ्यानं, असा रिवाज. आमच्या वाट्याला खवल्या नि झिंगे. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी नवे कायदे आले आणि तलावाचा ठेका पहिल्यांदा दादांच्या नावावर झाला. दादा म्हणजे माझे वडील. त्या दिवशी त्यांनी कुणाला पेढा दिला नाही की कुणाकडं बोलले नाहीत. तलावावर गेले आणि बांधावर बसून नुसतं पाण्याकडं बघत राहिले. कुठल्या तरी पाण्याला आपलं नाव लागू शकतं, हे त्यांना खरं वाटायला बराच वेळ लागला.

मी आमच्या गल्लीतला पहिला बी.एस्सी. खरं सांगायचं तर पहिला मॅट्रिकसुद्धा मीच. शाळेची सुरुवात उर्दूत झाली, मग मराठीत आलो, कॉलेज औरंगाबादला इंग्रजीत केलं. रसायन माझा मुख्य विषय, जोडीला प्राणिशास्त्र. तीन भाषांच्या फुफाट्यातून चालत जाऊन मी ती पदवी आणली होती आणि ती मी मिरवत होतो. का मिरवू नये? जिल्ह्याच्या गावी, म्हणजे कागदावर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडात धाराशिव, मत्स्यखात्याच्या कचेरीत मला सहायकाची नोकरी लागली.

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला आणि मागोमाग हे साहेब पुण्याकडून आमच्यावर आले. आमच्यावर, असंच म्हणायला पाहिजे. पहिल्याच दिवशी माझ्या कागदावर ‘अर्जी’ हा शब्द बघून त्यांनी चष्मा वर केला नि विचारलं, ही भाषा कुठली? मी म्हणालो, इथली. त्यावर ते हसले, आणि कारकुनांना ऐकू जाईल असं म्हणाले की निजामानं इथं अख्खा मुलूख झोपवून ठेवला होता, आता एकेकाला हलवून जागं करावं लागणार. पुढं माझ्या हातून चूक होवो न होवो, ‘तुमच्या भागात’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडी असायचेच. तुमच्या भागात वेळ पाळत नाहीत. तुमच्या भागात चहात साखर फार. एकदा म्हणाले, “तुमच्या भागात बरं आहे, मुलगा खात्यात आणि बाप ठेकेदार.” मी त्यांना सांगितलं की ठेका आधीचा आहे, नोकरी नंतरची, आणि दोन्हीचे कागद तुमच्याच कपाटात आहेत. तेव्हापासून ते माझ्याशी सरळ बोलेनासे झाले.

माणूस अडाणी असता तर बरं झालं असतं. तो अडाणी नव्हता. त्याला माशांच्या कानांचं वेड होतं. कटला आणि रोहू या जातींच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि तिच्यापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज आधी पिशवीला हलवतो आणि मग हाडांवरून कानात जातो. हे मला पहिल्यांदा त्यांनी मासा चिरून दाखवलं. हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगानं जातो, हे कॉलेजात शिकलो होतो; पण त्याचा माशाच्या पोटाशी संबंध मी लावला नव्हता. परदेशातल्या मासिकांत यावर काय काय छापून येत होतं ते साहेब वाचायचे. आपणही असं काही करून पुण्याच्या परिषदेत वाचावं, ही त्यांची हौस. त्या हौसेसाठी त्यांनी आमचा तलाव निवडला. आदल्या पावसाळ्यात खात्यानं त्यात कटला-रोहूची बोटुकली सोडली होती, आणि ती आता चांगली हातभर झाली होती.

येडशीहून छोट्या गाडीच्या रुळाचा एक तुकडा आणला, शाळेत टोल द्यायला टांगतात तसा. तलावाच्या दक्षिणेच्या उथळ कोपऱ्यात बाभळीची एक फांदी पाण्यावर आली होती, तिला तो असा बांधला की खालचं टोक पाण्यात बुडालेलं राहील. खात्याचा शिपाई रोज सकाळी त्यावर हातोडा मारायचा आणि मग शेंगदाण्याची पेंड पाण्यात टाकायचा. उन्हाळ्यात मासे यायचे नाहीत. नंतर दोन-चार यायला लागले. दसऱ्यापर्यंत अशी गत झाली की टोल पडला की तलावाच्या त्या टोकापासून पाण्यावर रेघा उठायच्या आणि सगळा कळप कोपऱ्यात येऊन पाणी फेसाळून टाकायचा. साहेब बायको-मुलांना मोटारीतून बघायला घेऊन आले होते. दादा लांब उभे राहून बघत होते. मला म्हणाले, “मासा हाकेला आला की मासा ऱ्हात न्हाई, कुत्रं हुतं.” त्यांना ते आवडलं नव्हतं. पण ठेका दर वर्षी साहेबांच्या शिफारशीवर पुढं चालायचा, म्हणून ते गप्प.

आता अंबाडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन ठेपतं. आमच्याकडं अंबाडीची भाजी खातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिच्या काडीवर गावाचे दोर चालायचे. दिवाळीनंतर काड्या कापायच्या, पेंढ्या बांधायच्या, आणि पाण्यात बुडवून वर दगड ठेवून कुजत घालायच्या. साल सुटली की सोलून वाख काढायचा. बैलाची वेसण, विहिरीचा दोर, आमच्या जाळ्याची वरची दोरी, सगळं त्या वाखाचं. अख्खं गाव अंबाडी भिजवायचं ते दक्षिणेच्या त्याच कोपऱ्यात, कारण तिथं पाणी उथळ, हलत नाही, आणि बैलगाडी थेट काठापर्यंत जाते. साहेबांची मोटारही त्याच कारणानं तिथवर जायची, म्हणून टोलही तिथंच.

कुजणारी काडी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. हे सांगायला बी.एस्सी. लागत नाही, पण किती खाते हे सांगायला लागते. दिवाळीच्या सुमारास मी साहेबांना म्हणालो की टोल उत्तरेच्या खोल बाजूला हलवू या, अंबाडीचे दिवस आले. ते म्हणाले, मासे आता या जागेला सरावलेत, जागा बदलली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि माघात पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत. मी म्हणालो, मग निदान महिनाभर टोल बंद ठेवू. त्यावर त्यांनी विचारलं की हा सल्ला खात्याच्या सहायकाचा आहे की ठेकेदाराच्या मुलाचा? मी तिथून उठलो. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी सांगायचं ते सांगितलं होतं.

मार्गशीर्षात मासे मेले.

निरोप आला तेव्हा मी कचेरीत होतो. सायकल हाणत गेलो. कोपऱ्यातलं पाणी काळपट झालं होतं, वास नाकात बसत होता, आणि पेंढ्यांच्या मधून मधून पांढरी पोटं. कटला जास्त, रोहू त्याहून थोडे. मोठे मासे आधी गेले होते. दादा गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक उचलून काठावर ठेवत होते. पोरगं झोपेतून उचलावं तसे दोन्ही हातांनी उचलत होते.

मला बघून त्यांनी पहिलं नाव घेतलं ते पोलीस पाटलाचं. पाटलाचं रान तलावाला लागून होतं आणि त्यात नव्या विहिरीचं काम चालू होतं. वडार लोक सुरुंग लावत होते. दादांचं म्हणणं, सुरुंगाच्या दणक्यानं मासे मेले. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पाटलाच्या दारात जाऊन, चार माणसांदेखत, त्यांनी त्याला तसं सुनावलं. पाटलानं उलट विचारलं की भोयानं कधीपासून पाटलाला हिशेब मागायला सुरुवात केली? दोघांच्या बाह्या वर गेल्या होत्या. मधे लोक पडले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी पाण्यात बोटसुद्धा घातलं नाही. काठावरून वास घेतला आणि म्हणाले, गेळफळ. गेळफळ म्हणजे आमच्या रानात होणारं एक फळ. कुटून डबक्यात टाकलं की मासे गुंगून वर येतात. उन्हाळ्यात ओढ्याच्या डोहात आमचे लोक ते वापरायचे, दादांनीही वापरलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. साहेबांनी त्याचा धागा पकडला. म्हणाले, यांच्या जातीची ही जुनी कला. खात्याचे मासे विष घालून वर काढायचे आणि खात्याला कळायच्या आत सोलापूरच्या बाजारात पोचवायचे. पंचनामा होणार, पंचनाम्यात विष लिहिलं जाणार, आणि ठेका रद्द होणार. हे सगळं त्यांनी दादांच्या तोंडावर सांगितलं, पण बोलले माझ्याकडं बघून.

दादा म्हणाले, “सायेब, म्या माझ्याच मासळीला इख घालीन व्हय?”

साहेबांनी दादांकडं पाठ केली. शिपायाला म्हणाले, पंच बोलवा. पंचांत पहिला पोलीस पाटील.

आमची बाजू अशी होती, की ज्याच्या सहीवर बापाचा तलाव राहणार होता, त्यालाच बाप आदल्या दिवशी शिव्या देऊन आला होता. मी दादांना त्यावरून बोललो. दादांनी मलाच सुनावलं, की कॉलेजात बापाला शिकवायला शिकवतात काय? आम्ही दोघं त्या रात्री एका घरात जेवलो, पण एकमेकांकडं बघितलं नाही.

सकाळी मी कचेरीतून आणलेली, पाणी तपासायच्या औषधांची पेटी घेऊन तलावावर गेलो. गाव जमलं होतं. साहेब बाभळीखाली खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर त्यांचा तो रूळ लोंबत होता. पाटील उलट्या बाजूला, हाताची घडी घालून.

मी आधी पाटलाकडं गेलो. सगळ्यांसमोर एक मेलेला कटला चिरला आणि पोटातली हवेची पिशवी बाहेर काढली. अख्खी होती, फुगलेली. सांगितलं की सुरुंगाचा दणका पाण्यातून गेला असता तर आधी ही फुटली असती, रक्त साकळलं असतं. तेव्हा सुरुंगानं हे मासे मेले नाहीत. पाटलानं पिशवीकडं बघितलं, दादांकडं बघितलं. दादांनी मान फिरवली. चूक झाली असं म्हणणं त्यांच्या जिभेला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

मग मी मरळीकडं बोट दाखवलं. त्याच कोपऱ्यात, त्याच सडक्या पाण्यात, तीन-चार मरळी फिरत होत्या. मधेच वर येऊन तोंड उघडायच्या आणि पुन्हा खाली जायच्या. म्हणालो, विष असतं तर मरळ कशी जगली? मरळ वरची हवा घेते. कटल्याला, रोहूला ते येत नाही. त्यांना पाण्यात विरघळलेलाच प्राणवायू लागतो. तो या कोपऱ्यात संपलाय.

साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, “व्याख्यान छान झालं. पुरावा?”

आणि वर शिपायाच्या हातातल्या हातोड्याकडं बघत हसत म्हणाले, की एवढी खात्री आहे तर वाजवा टोल. उरलेले मासे येतील, इथं आल्यावर मरतात की नाही ते सगळेच बघू.

मला राग आला होता आणि त्या रागात मी शिपायाच्या हातातून हातोडा घेतला. खरंच वाजवणार होतो. मासे आले असते, मेले असते, आणि साहेबाचं तोंड कायमचं बंद झालं असतं. दादा पाण्यातून येऊन रुळाच्या आणि माझ्या मधे उभे राहिले.

“जितं राहिलंय त्येला कशाला बोलावतूस?”

मी हातोडा खाली टाकला. पेटी उघडली.

दोन बाटल्या पाटलाच्या हातात दिल्या. म्हणालो, माझ्यावर नका विश्वास ठेवू, तुम्हीच पाणी भरा. एक या कोपऱ्यातून, एक उत्तरेच्या खोल बाजूनं. बुडबुडा राहू देऊ नका. पाटील कुरकुरत का होईना बांधावरून चालत गेला आणि दोन्ही भरून घेऊन आला. मग मी सांगितलं तशी दोन्हींत एकापाठोपाठ दोन औषधं त्यानंच घातली. मी फक्त हाताला लागू देऊ नका एवढं बजावलं. बूच लावून उलटसुलट केलं आणि बाटल्या दगडावर ठेवल्या. उत्तरेच्या पाण्यात चहासारखा तपकिरी गाळ खाली बसायला लागला. कोपऱ्याच्या बाटलीत बसला तो पांढरा, पिठासारखा. मी सांगितलं, तपकिरी म्हणजे प्राणवायू आहे, पांढरा म्हणजे नाही.

साहेब म्हणाले, कॉलेजात हल्ली जादूचे प्रयोगही शिकवतात वाटतं. दोन-चार जण हसले. पण मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होतो. ही चाचणी त्यांना माझ्याइतकीच ठाऊक होती. पांढरा गाळ बघितल्याबरोबर त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी ताबडतोब कूस बदलली. म्हणाले, ठीक आहे, मग अंबाडीनं मेले. म्हणजे गावानं मारले. तसं लिहा.

त्यासरशी गाव उसळलं. आता सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण कोपऱ्यातला प्राणवायू संपलाय हे दाखवलं होतं ते मी. कोण म्हणालं, भोयाचं पोरगं शिकून आलं ते गावावरच उलटलं. पाटील पुढं आला. त्याचा आवाज चढला होता.

“आमचे आजे-पणजे हितंच अंबाडी भिजवायचे. मागल्या सालीबी भिजवली. तवा मासळी तलावात हुतीच की. मेली का?”

“नाही मेली,” मी म्हणालो. “मागल्या साली टोल नव्हता, पाटील.”

एवढं म्हटल्यावर मला पुढं फार सांगावं लागलं नाही. तरी सांगितलं. मासा मूर्ख नसतो. पाणी खराब झालं की तो कोपरा सोडून खोलात जातो. मागल्या साली तो तसाच गेला. या साली त्याला रोज सकाळी इथं बोलावलं, पेंड टाकली, आणि तो श्वास कोंडेपर्यंत पेंडीला तोंड लावून राहिला. न खाल्लेली पेंडही खाली कुजली. माणसं बाभळीकडं बघायला लागली. साहेबांच्या डोक्यावर रूळ वाऱ्यानं जरा हलत होता. ते खुर्चीवरून उठले आणि उन्हात जाऊन उभे राहिले.

पंचनाम्याचा कागद तरीही पुढं केला गेला. त्यात विषाचा संशय तसाच होता. पाटलानं वाचून घेतला, आणि कागद शिपायाच्या हातात परत दिला.

“हितं इख लिव्हलंय, त्येच्यावर म्या सही करनार न्हाई. हे पोरगं मला आवडत न्हाई, लई शेफारलंय. त्येचा बाप परवा माझ्या दारात येऊन वाट्टंल ते बोलला. पन बाटली माझ्या हातात पांढरी झाली.”

बाकीच्या पंचांनी पाटलाकडं बघून हात आखडते घेतले. विष लिहिलं गेलं नाही. ठेका राहिला.

मी राहिलो नाही. महिन्याभरात माझी बदली उमरग्याला झाली. हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रका मोजत बसायचं काम, असं साहेब कारकुनांना म्हणाल्याचं मला कळलं. मोठे साहेब माघात येऊन गेले, त्यांना वेगळा तलाव दाखवला. परिषदेतला साहेबांचा लेख नंतर माझ्या हाती पडला. विषय : ध्वनीला माशांचा प्रतिसाद. मासे कसे शिकले, किती लांबून आले, हवेची पिशवी आणि हाडांची साखळी, सगळं मुद्देसूद. त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. मेलेल्या माशांबद्दलही एकही वाक्य नव्हतं. मी तो लेख जपून ठेवलेला नाही. चुलीत घातला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी रजेवर घरी होतो. तलावावर मोटार आली. साहेब स्वतः उतरले, मला बघून न बघितल्यासारखं केलं, आणि दादांना म्हणाले की टोल आता उत्तरेच्या बाजूला बांधायचा आहे, काम पुन्हा सुरू करू. जणू ही जागा त्यांनाच सुचली होती. बाभळीवर बघतात तर रूळ नाही. नुसता तुटका दोर.

साहेबांचा आवाज कडक झाला. सरकारी मालमत्ता आहे ती, म्हणाले. कुठं आहे, आत्ता हजर करा.

दादा जाळ्याला दोरी ओवत बसले होते. उठले नाहीत. हनुवटीनं दक्षिणेचा कोपरा दाखवला. तिथं पाटलाच्या पेंढ्या बुडवलेल्या होत्या, आणि त्या वर येऊ नयेत म्हणून दगडांच्या मधोमध काहीतरी लांब, काळं, जड आडवं टाकलेलं पाण्याखाली दिसत होतं.

“कुठं गेली न्हाई, सायेब,” दादा म्हणाले. “अंबाडीवर हाय. वाख निघाला की काढून देतो.”